पहिले क्रेडिट कार्ड निवडण्याआधी बिल वाचायला शिका

क्रेडिट कार्डाच्या दर महिन्याच्या बिलावर दोन रकमा ठळक छापलेल्या असतात. पहिली 'टोटल अमाउंट ड्यू', म्हणजे त्या बिलापर्यंतचे कार्डावरचे सगळे देणे. दुसरी 'मिनिमम अमाउंट ड्यू', म्हणजे सध्या निदान एवढे भरा, असे बँकेचे सांगणे. पहिली रक्कम वीस हजार असेल तर दुसरी बहुधा हजाराच्या आसपास असते. महिनाअखेर जवळ आलेली, खात्यात शिल्लक बेताची, अशा वेळी ती छोटी रक्कम फार सोयीची वाटते. क्रेडिट कार्ड उपयोगाचे ठरणार की गळ्यात धोंड होणार, हे या दोन आकड्यांपैकी तुम्ही कोणता भरता त्यावर ठरते.

पहिली नोकरी लागली, पगाराचे खाते उघडले की कार्ड देणाऱ्यांचे फोन सुरू होतात. मॉलमध्ये, मेट्रो स्टेशनबाहेर, कंपनीच्या कॅन्टीनजवळ टेबले मांडलेली असतात. तिथे बोलणे होते ते विमानतळावरच्या लाउंजचे, सिनेमाच्या तिकिटांचे, रिवॉर्ड पॉइंट्सचे. व्याजाचा दर क्वचितच कुणी आपणहून सांगतो. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी बिल, मग कार्ड. बिल कसे तयार होते हे कळले की कोणते कार्ड घ्यायचे हा प्रश्न निम्मा सुटतो.

बिलाचे चक्र

क्रेडिट कार्डावरचा प्रत्येक खर्च म्हणजे बँकेने तुमच्या वतीने दुकानदाराला दिलेले पैसे. गल्लीतल्या किराणा दुकानात महिनाभर वहीत लिहून पगार झाल्यावर चुकती केली जाणारी उधारी आणि हे कार्ड यांचे मूळ एकच आहे. फरक इतकाच, की इथे तारीख चुकली की लगेच व्याज लागते आणि त्याची नोंद देशभरच्या बँकांना दिसते.

समजा, तुमचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेला तयार होते आणि पैसे भरायची शेवटची तारीख २५ आहे. ६ जून ते ५ जुलै या काळातला सगळा खर्च ५ जुलैच्या बिलात येईल आणि तो २५ जुलैपर्यंत भरायचा. म्हणजे ६ जूनला घेतलेल्या वस्तूचे पैसे भरायला ४९ दिवस मिळाले, पण ५ जुलैला घेतलेल्या वस्तूला फक्त २०. जाहिरातीत '५० दिवसांपर्यंत बिनव्याजी' असे लिहिलेले असते, त्यातल्या 'पर्यंत'चा अर्थ हा असा आहे.

या बिनव्याजी मुदतीला एक अट असते आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. मागच्या बिलाची पूर्ण रक्कम भरलेली असेल तरच ही सवलत मिळते. मागची थकबाकी पुढे ओढली, तर नव्या खर्चावरची बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्यात घेतलेल्या साबणापासून पेट्रोलपर्यंत सगळ्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज चढू लागते.

बिलाची तारीख आपल्या पगाराशी जुळवून घेता येते. पगार १ तारखेला होत असेल आणि कार्डाची शेवटची तारीख २८ असेल, तर पैसे भरायची वेळ नेमकी खिसा रिकामा असताना येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाला बिलाचे चक्र निदान एकदा बदलून घेण्याची मुभा द्यावी लागते. पगारानंतर आठवडाभरात शेवटची तारीख येईल अशी सोय पहिल्याच महिन्यात करून घ्या.

किमान रकमेचा हिशेब

भारतातल्या बहुतेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला ३ ते ३.७५ टक्के व्याज लागते. महिन्याचा आकडा लहान दिसतो, म्हणून तो वर्षाचा करून पाहावा. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२ टक्के. गृहकर्ज किंवा वाहनकर्जाचा दर याच्या जवळपासही नसतो. शिवाय या व्याजावर १८ टक्के जीएसटी. तो धरला तर महिन्याचा बोजा ४.१३ टक्क्यांवर जातो.

आता ३०,००० रुपयांची थकबाकी धरू. दर साडेतीन टक्के, नवा खर्च शून्य, आणि दर महिन्याला थकबाकीच्या ५ टक्के एवढीच किमान रक्कम भरायची. पहिल्या महिन्यात व्याज आणि जीएसटी मिळून १,२३९ रुपये चढतात आणि तुम्ही साधारण १,५६० रुपये भरता. मूळ कर्ज कमी होते सव्वातीनशे रुपयांच्या आसपास. असे वर्षभर नियमाने, एकही तारीख न चुकवता भरत राहिलात तर बारा महिन्यांत सुमारे १७,७०० रुपये जातील आणि तरी २६,३०० रुपयांच्या आसपास कर्ज शिल्लकच असेल. प्रत्येक महिन्याला वेळेवर भरूनही वर्षाअखेर माणूस जवळजवळ जिथल्या तिथे.

फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि व्याजावर व्याज चढते, ही सूचना ग्राहकाला देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ती बिलावर छापलेली असते, पण बारीक अक्षरात. मोठ्या अक्षरात असते ती किमान रक्कम.

कायदा या दरावर वरची मर्यादा घालेल, अशी आशाही ठेवू नये. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. म्हणजे व्याजापासून वाचायचा खात्रीचा मार्ग एकच उरतो, आणि तो ग्राहकाच्या हातात आहे. पूर्ण रक्कम, वेळेवर.

मग कार्ड घ्यायचेच कशाला?

एवढे वाचून कुणी म्हणेल, नकोच ती भानगड. हाही एक सन्मानाचा पर्याय आहे. ज्याला हातातला पैसा आवरत नाही, ज्याच्या घरावर आधीच देणी आहेत, त्याने वर्ष-दोन वर्षे थांबावे. पण ज्याचा पगार नियमित आहे आणि खर्च आटोक्यात आहे, त्याला नीट वापरलेल्या कार्डाचा एक मोठा फायदा होतो. त्याची पत नोंदीवर येते.

पुढे दहा वर्षांनी तुम्ही घर घ्यायला निघाल तेव्हा बँक आधी तुमचा क्रेडिट स्कोअर पाहील. भारतात ही नोंद ठेवणाऱ्या चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्यांचे काम चालते. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० या टप्प्यात असतो आणि अहवालात गेल्या ३६ महिन्यांची परतफेड महिनावार दिसते. कधीच कर्ज न घेतलेल्या माणसाचा स्कोअर वाईट नसतो. तो नसतोच. केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. तरीही चांगली नोंद असलेल्याला दर चांगला मिळतो आणि काम लवकर होते, हे उघड आहे.

ही नोंद कशाने सुधारते? सर्वांत आधी वेळेवर परतफेडीने. त्यानंतर लिमिटच्या मानाने तुम्ही किती वापरता याने. कार्डाचे लिमिट ४०,००० असेल आणि बिल दर महिन्याला ३८,००० येत असेल, तर पूर्ण भरूनही हा माणूस ओढाताणीत आहे असे चित्र तयार होते. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहावे, असा संकेत जाणकार सांगतात. इथे १२,०००. तिसरी गोष्ट म्हणजे खात्याचे वय. जितके जुने खाते नीट चाललेले, तितके चांगले. आणि चौथी, अर्जांची संख्या. प्रत्येक अर्जाबरोबर बँक तुमचा अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद होते. एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज केले, तर पैशांची निकड असलेला माणूस अशी तुमची छाप पडते.

पहिल्या कार्डाची निवड ठरवणारा मुद्दा यातल्या तिसऱ्या गोष्टीत आहे. पहिले कार्ड हे तुमच्या नोंदीतले सर्वांत जुने खाते राहणार. पुढे पगार वाढेल, दुसरी कार्डे येतील आणि जातील, पण हे पहिले चालू ठेवण्यात फायदा आहे. म्हणून ते असे हवे, की कपाटात पडून राहिले तरी त्याचा खर्च होऊ नये. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेले कार्ड बँक तुम्हाला कळवून बंद करू शकते, म्हणून अधूनमधून त्यावर एखादे मोबाइलचे बिल भरावे. तेवढे पुरते.

कोणते कार्ड निवडावे

पहिली कसोटी वार्षिक शुल्काची. कार्ड 'लाइफटाइम फ्री' आहे की 'पहिले वर्ष फ्री' आहे, हे स्पष्ट विचारा. दोन्हींत दुसऱ्या वर्षापासून फरक पडतो. शुल्क ५०० रुपये असेल तर जीएसटीसह ५९० होतात. आता कोल्हापूरहून पुण्याला आलेला, बत्तीस हजार पगार असलेला एखादा मुलगा धरा. भाडे आणि घरी पाठवायचे पैसे वगळून किराणा, मोबाइल, पेट्रोल, रेल्वेची तिकिटे असा महिन्याला ८,००० रुपयांचा खर्च तो कार्डावर करतो. वर्षाचे झाले ९६,०००. कार्ड १०० रुपयांमागे २ पॉइंट देते आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे आहे. म्हणजे परतावा अर्धा टक्का, वर्षाला ४८० रुपये. शुल्क ५९०. वर्षभर पॉइंट जमवून खिशातले ११० रुपये गेले.

यावर उत्तर मिळते, की वर्षाला एक लाख खर्च केलात तर शुल्क माफ. इथे खरी मेख आहे. ५९० रुपये वाचवण्यासाठी वर्षाअखेर चार हजारांची नको असलेली खरेदी होते. खर्चाची अट तुमच्या नेहमीच्या खर्चाच्या बरीच खाली असेल तरच ती सवलत समजावी.

दुसरी कसोटी लिमिटची. पहिल्या कार्डाला महिन्याच्या पगाराएवढे लिमिट पुष्कळ झाले. जास्त लिमिटमुळे वापराचे प्रमाण कमी दिसते हे खरे. पण नव्याने कमावू लागलेल्या माणसाच्या हाती पगाराच्या चौपट उधारी देणे धोक्याचे आहे. बँकेने मोठे लिमिट दिले तरी ॲपमध्ये जाऊन दर व्यवहाराची मर्यादा तुम्ही स्वतः कमी ठेवू शकता.

तिसरी कसोटी परताव्याच्या साधेपणाची. थेट कॅशबॅक देणारे कार्ड पहिल्या वेळी उत्तम, कारण त्याचा हिशेब लागतो. पॉइंट्सना मुदत असते, वापरताना काही कार्डांवर शुल्क लागते, आणि ठराविक वस्तूंवरच ते वटतात. एखाद्या ऑनलाइन दुकानाचे किंवा पेट्रोल कंपनीचे नाव असलेले कार्ड तेव्हाच घ्यावे, जेव्हा तिथे तुमचा खर्च आधीपासून होत असेल. लाउंज, गोल्फ, हॉटेलचे सदस्यत्व यांना पहिल्या कार्डात शून्य गुण द्या. वर्षातून एकदा विमानाने जाणाऱ्याने लाउंजसाठी दोन-तीन हजारांचे शुल्क भरू नये.

चौथी कसोटी जाळ्याची, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड की रुपे. मोठ्या कार्ड कंपन्यांनी पात्र ग्राहकाला यातून निवड करू द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने मार्च २०२४ मध्ये काढला आणि तो त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागू झाला. परदेशात शिकायला किंवा कामाला जाण्याची शक्यता असेल तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड सोयीचे. देशातच वापर असेल तर रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते आणि क्यूआर कोडवरून दुकानदाराला पैसे देता येतात. ही सोय २०२२ मध्ये सुरू झाली. पण तिच्यात एक धोकाही आहे. यूपीआयवर चहा-वडापावचे वीस-तीस रुपये देताना आपण खात्यातले पैसे देतो आहोत की उधारी वाढवतो आहोत, याचे भान सुटते. महिन्याअखेर अशा दीडशे छोट्या व्यवहारांची बेरीज धक्का देते.

पाचवी कसोटी ॲपची आणि ग्राहकसेवेची. कार्ड तात्काळ बंद करणे, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करणे, ऑटो-डेबिटमध्ये पूर्ण रकमेचा पर्याय निवडणे, या तीन गोष्टी ॲपमधून सहज होतात का ते आधी पाहा. तेच कार्ड वापरणाऱ्या सहकाऱ्याकडून दहा मिनिटे मागून घेतली तरी हे समजते.

कार्ड कुठून मिळवावे

सर्वांत सोपा मार्ग ज्या बँकेत पगार जमा होतो तिथला. बँकेला तुमची आवक दिसत असते, कागदपत्रे कमी लागतात आणि अर्ज मंजूर होण्याची शक्यता अधिक असते. वयाची अट बँकेनुसार १८ किंवा २१ वर्षांची असते.

ज्यांना पगार नाही, जे शिकत आहेत किंवा ज्यांचा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा चांगला मार्ग आहे. वीस-पंचवीस हजारांची एफडी करायची, ती बँकेकडे तारण राहते आणि तिच्या ठराविक टक्क्यांएवढे लिमिट मिळते. ठेवीवरचे व्याज चालू राहते, उत्पन्नाचा पुरावा सहसा लागत नाही, आणि परतफेडीची नोंद इतर कार्डांसारखीच होते. माझ्या मते पंचवीस वर्षांखालच्या बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी. कर्जाची वरची मर्यादा आपल्या स्वतःच्या बचतीने बांधलेली राहते. मात्र एक गैरसमज टाळा. बिल भरले नाही तर बँक लगेच ठेवीतून वळते करून घेईल, असे नसते. व्याज आणि विलंबशुल्क चढते, नोंद बिघडते, आणि ठेव मोडायची वेळ सर्वांत शेवटी येते.

आई-वडिलांच्या कार्डावर मिळणारे ॲड-ऑन कार्ड हा तिसरा मार्ग. कार्ड वापरण्याची सवय लावण्यासाठी ते बरे. पण देणे मूळ कार्डधारकाचे असते आणि नोंदही सहसा त्याच्याच नावावर होते. तुमची चूक बाबांच्या स्कोअरवर उमटेल आणि तुमची शिस्त तुमच्या नावावर जमा होणार नाही.

अर्ज करताना व्याजदर आणि शुल्के सांगणारे एक पानी माहितीपत्रक बँकेने देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्या. व्याजदर, विलंबशुल्क, रोख काढण्याचे शुल्क आणि परदेशी व्यवहारावरचे शुल्क, हे चार आकडे त्यावर खुणा करून ठेवा. विक्री प्रतिनिधी तोंडी सांगतो ते आणि कागदावरचे जुळत नसेल, तर कागदच खरा. अर्ज फेटाळला गेला तर त्याचे नेमके कारण लेखी कळवणे हेही बँकेवर बंधनकारक आहे. त्या कारणावरून पुढची दिशा ठरवा, लगेच दुसरीकडे अर्ज टाकू नका.

पैसे कुठे गळतात

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. त्यावर बिनव्याजी मुदत नसते. पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि शिवाय शुल्क. अनेक बँकांचे किमान शुल्क ५०० रुपये आहे. म्हणजे पाच हजार काढले तर व्याजाआधीच जीएसटीसह ५९० रुपये गेले.

'नो कॉस्ट ईएमआय'वर फोन घेताना पूर्ण तक्ता पाहा. यात व्याज असतेच, तेवढी सूट आधी किमतीत दिलेली असते. व्याजाच्या भागावरचा जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्क तुमच्याकडून घेतले जाते. हप्ते संपेपर्यंत लिमिटचा तेवढा भाग अडकून राहतो. रोखीने घेतल्यावर मिळणारी सवलत हातची जाते, तो तोटा वेगळाच.

कार्डाने वॉलेटमध्ये पैसे टाकण्यावर अनेक बँका एक टक्क्याच्या आसपास शुल्क घेतात आणि पॉइंट देत नाहीत. परदेशी चलनातल्या खरेदीवर साडेतीन टक्क्यांपर्यंत वाढीव आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. परदेशी संकेतस्थळाचे सदस्यत्व घेतानाही तो लागू शकतो.

मित्रासाठी कार्ड स्वाइप करण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. 'तू स्वाइप कर, मी तुला ट्रान्सफर करतो.' मैत्रीत नाही म्हणणे जड जाते, पण बँकेच्या लेखी कर्जदार तुम्ही आहात. मित्राचे पैसे उशिरा आले तर व्याज तुमच्या नावावर चढेल. शिवाय एका आर्थिक वर्षात कार्डांच्या बिलापोटी दहा लाख किंवा अधिक भरले गेले, तर ती माहिती आयकर विभागाकडे जाते. दुसऱ्यांच्या खरेदीचे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

तुमचे हक्क

सप्टेंबर १९५८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने न मागता साठ हजार लोकांच्या घरी कार्डे पाठवली. पुढे व्हिसा झालेल्या कार्डाचा जन्म असा झाला. त्यातून फसवणूक आणि थकबाकी इतकी वाढली, की १९७० मध्ये अमेरिकेने न मागितलेली कार्डे पाठवण्यावर बंदी घातली. भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत हीच बंदी कडक केली. न मागता कार्ड देऊन त्याचे पैसे आकारले, तर बँकेला ते परत करावे लागतात आणि त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही.

कार्ड बंद करायचे असेल आणि थकबाकी नसेल, तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक थकले तरच विलंबशुल्क लावता येते आणि थकबाकी म्हणून कळवता येते. ही तीन दिवसांची सूट तांत्रिक अडचणीसाठी आहे, सवयीसाठी नाही.

वर्षातून एकदा पतीची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून तुमचा संपूर्ण क्रेडिट अहवाल विनामूल्य मिळतो. वाढदिवसाच्या आठवड्यात तो पाहायची सवय लावा. त्यात तुमचे नसलेले कर्ज किंवा चुकीची थकबाकी दिसली, तर तक्रार करा. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

आणि फसवणूक झाली तर वेळ सर्वांत मोलाची. कार्ड ॲपमधून लगेच बंद करा, बँकेला कळवा, १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना तुमची अशा फसवणुकीत, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तुमचे दायित्व शून्य असते. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. 'लिमिट वाढवून देतो', 'पॉइंट आज संपणार आहेत' असे सांगत येणाऱ्या फोनवर काहीही सांगू नका. बँक फोनवर तुमचा ओटीपी कधीच विचारत नाही.

पहिल्या महिन्यात काय करावे

कार्ड हाती आले की त्याच दिवशी तीन कामे उरका. ऑटो-डेबिट लावा आणि त्यात 'टोटल अमाउंट ड्यू' हाच पर्याय निवडल्याची खात्री करा. पुष्कळ जण नकळत 'मिनिमम' निवडून बसतात आणि वर्षभर निर्धास्त राहतात. परदेशी व्यवहार बंद ठेवा. आणि बिलाच्या तारखेची आठवण फोनमध्ये लावा, कारण ऑटो-डेबिट असले तरी बिल ओळ न ओळ वाचायचे असते.

पहिले सहा महिने कार्डावर तेवढाच खर्च करा, ज्याचे पैसे आजच खात्यात आहेत. हा एक नियम पाळला तर व्याजाचा दर ४२ टक्के असो की ४५, तुम्हाला त्याच्याशी देणेघेणे उरत नाही. तो पाळणे जमत नाही असे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसले, तर कार्ड बंद करायला लाजू नका. डेबिट कार्ड आणि यूपीआयवर आयुष्य उत्तम चालते.

बँक तुम्हाला कार्ड देते ते तिच्या फायद्यासाठी. तुम्ही ते घ्या तुमच्या फायद्यासाठी: शुल्क नसलेले, बेताच्या लिमिटचे, साध्या हिशेबाचे एकच कार्ड, आणि दर महिन्याला पूर्ण बिल. या वयात लागलेली ही शिस्त पुढे घराच्या कर्जाला, धंद्याच्या भांडवलाला, अडीनडीला उपयोगी पडेल. अर्जावर सही करण्याआधी व्याजदराची ओळ एकदा मोठ्याने वाचा, आणि मगच पेन उचला.